तेलाचा ताप

मोटारीच्या इंजिनात ओतल्या जाणाऱ्या तेलाला मराठीत वंगण म्हणतात, आणि या नावामुळेच त्याचे दुसरे, तितकेच महत्त्वाचे काम सहसा नजरेआड राहते. धातूवर धातू घासू न देणे हे त्याचे पहिले काम. परंतु पिस्टनच्या पोटातून, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांमधून आणि व्हॉल्व्हच्या यंत्रणेतून निघणारी उष्णता उचलून ती चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी बसवलेल्या तेलाच्या पात्रात, आणून सोडणे हेही त्यालाच करावे लागते. रेडिएटरचे पाणी सिलिंडरांच्या भिंतींभोवती आणि हेडमधून फिरते, पण बेअरिंगांपर्यंत ते कधीच पोहोचत नाही. तेथे निर्माण होणाऱ्या उष्णतेला तेलाशिवाय दुसरा वाटाड्या नसतो. गाडी धावत असताना चेंबरखालून वाहणारा वारा हे तेल निववतो आणि बहुतेक गाड्यांना तेवढे पुरते. जेथे ते पुरत नाही तेथे तेलासाठी स्वतंत्र रेडिएटर लावावा लागतो, आणि त्यालाच ऑइल कूलर म्हणतात.

ही वस्तू मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोची पल्सर २२० ज्यांनी चालवली आहे, त्यांनी इंजिनापुढे बसवलेली बारीक पापुद्र्यांची ती लहान चौकट पाहिलेली असते, जरी तिच्यातून पाणी नव्हे तर इंजिनाचेच तेल खेळत असते हे प्रत्येकाच्या ध्यानात आलेले नसले तरी. प्रस्तुत लेखात याच उपकरणाचा विचार एका जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, म्हणजे एमजीबीच्या, आधाराने केला आहे. ही गाडी निवडण्याचे कारण असे की तिच्यात ऑइल कूलर हा हौशी मालकाने मागाहून चिकटवलेला दागिना नसून कारखान्यातून येणारा भाग होता, तो कोणत्या गरजेतून आला हे स्पष्ट सांगता येते, आणि आज तो नव्याने बसवणारे व काढून टाकणारे असे दोन्ही पक्षांचे मालक तेलाचे तापमान न मोजताच आपापल्या मताला चिकटून बसलेले आढळतात.

एमजी ही अक्षरे मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डमधील विक्रीकेंद्राच्या नावावरून आली. भारतात आज ती गुजरातेतील हालोल येथे तयार होणाऱ्या हेक्टरसारख्या गाड्यांवर दिसतात, पण त्या गाड्यांचा या परंपरेशी संबंध केवळ नावाचा आहे. मूळ एमजीचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावी होता. तेथे सिड एनेव्हर यांच्या नेतृत्वाखाली आखलेली एमजीबी १९६२ मध्ये बाजारात आली आणि १९८० मध्ये कारखाना बंद होईपर्यंत, बंद छताच्या जीटीसह, तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. इतक्या मोठ्या संख्येने निघालेली स्पोर्ट्स कार साहजिकच सामान्य पगारदाराच्या आवाक्यातली होती, आणि म्हणून तिच्यात खास शर्यतीसाठी घडवलेले इंजिन नव्हते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने घरगुती गाड्यांसाठी तयार केलेल्या बी-सिरीज या इंजिनाचाच तो मोठा अवतार होता.

भारतीय वाचकाचा या इंजिनाशी असलेला संबंध येथे ओझरता सांगितला पाहिजे. हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरला १९५९ पासून जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले, ते याच बी-सिरीजचे. अ‍ॅम्बेसेडरच्या पिस्टनची वरखाली होण्याची चाल ८८.९ मिलिमीटर आहे आणि एमजीबीच्या पिस्टनचीही तितकीच. फरक आहे तो सिलिंडरच्या व्यासात, जो अ‍ॅम्बेसेडरमध्ये सुमारे ७३ आणि एमजीबीमध्ये ८०.२६ मिलिमीटर असल्यामुळे दुसऱ्या इंजिनाची क्षमता १७९८ घनसेंटिमीटर झाली. जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचे बोनेट उघडून ज्या मिस्त्र्याने आयुष्य काढले, त्याला एमजीबीचे इंजिन सख्ख्या भावासारखे ओळखीचे वाटेल. मात्र ज्या कुळातून अ‍ॅम्बेसेडरसाठी जेमतेम ५५ अश्वशक्ती काढली जात होती, त्याच कुळातून एमजीबीसाठी ९५ अश्वशक्ती काढली जात होती, आणि जादा शक्तीबरोबर जादा उष्णता येते.

उष्णतेचा प्रश्न केवळ अश्वशक्तीचा मात्र नव्हता. तो रस्त्याचाही होता. लंडनला उत्तरेशी जोडणाऱ्या एम-१ या महामार्गाचा पहिला मोठा टप्पा नोव्हेंबर १९५९ मध्ये खुला झाला आणि त्यावर तेव्हा वेगमर्यादाच नव्हती. ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये आली. महामार्गापूर्वीच्या इंग्लंडमधील वळणावळणाच्या रस्त्यांवर चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर सलग काही मिनिटेही पूर्ण दाबलेला राहत नसे. प्रत्येक वळणाला, प्रत्येक गावाला इंजिनाला श्वास घ्यायला उसंत मिळत असे. महामार्गाने ती उसंत काढून घेतली. एमजीबीच्या वरच्या गियरमध्ये, ओव्हरड्राइव्ह (म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा गियरयंत्रणा) नसताना, इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने जाते. याचा अर्थ ताशी १४० किलोमीटरचा वेग तासभर राखायचा तर क्रँकशाफ्ट मिनिटाला जवळजवळ ४,८५० फेऱ्या सलग तासभर घेणार. बेअरिंगमधील तेलाच्या थरात घर्षणाने निर्माण होणारी उष्णता, तेलाचा दाटपणा तोच राहिला असे धरल्यास, साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; फेऱ्या दुप्पट झाल्या की उष्णता चौपट. प्रत्यक्षात तेल तापून पातळ होते, त्यामुळे घर्षण थोडे घटते आणि वाढ इतकी तीव्र राहत नाही. पण हा दिलासा फसवा आहे, कारण ज्या पातळपणामुळे घर्षण घटते त्याच पातळपणामुळे बेअरिंगला तोलून धरणारा थरही झिरझिरीत होतो.

जर्मनी आणि अमेरिका या एमजीबीच्या मोठ्या परदेशी बाजारपेठांत असे रस्ते आधीपासून होते. म्हणून सुरुवातीला निर्यातीच्या गाड्यांना ऑइल कूलर कारखान्यातूनच लागून येई, तर इंग्लंडमधील गिऱ्हाइकाला तो वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे. १९६४ च्या अखेरीस इंजिनाच्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंगांचा आधार देण्यात आला आणि त्याच बदलाबरोबर कूलर घरच्या बाजारातील गाड्यांनाही सरसकट मिळू लागला. बेअरिंगांची संख्या वाढली की शाफ्ट कमी वाकतो आणि इंजिन अधिक फेरे सहन करते, पण तेलात मिसळणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेचे उगमही वाढतात. तेव्हा हे दोन निर्णय एकत्र यावेत यात आश्चर्य नाही. १९६६ मध्ये न्यूर्बुर्गरिंगवर सलग ८४ तास चाललेली मॅरेथॉन द ला रूत ही स्पर्धा अँड्र्यू हेजेस आणि ज्युलियन व्हर्नाव यांच्या एमजीबीने जिंकली. साडेतीन दिवसांच्या त्या धावेत इंजिनाच्या टिकाऊपणाची जी परीक्षा झाली, ती मुख्यतः त्याच्या वंगणाची परीक्षा होती असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

आता तेलाचे तापमान नेमके किती असावे, हा प्रश्न. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा आतला विरोध, बोलीभाषेत दाटपणा. मधाची श्यानता अधिक, पाण्याची कमी. तेलाची श्यानता तापमानाबरोबर झपाट्याने उतरते. बी-सिरीजसारख्या जुन्या इंजिनांसाठी आजही शिफारस होणाऱ्या २०डब्ल्यू-५० या तेलाच्या नावातील पहिला आकडा थंडीतील वागणुकीचा आहे, डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे, आणि शेवटचा ५० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहिले पाहिजे याची प्रमाणित श्रेणी सांगतो. थोडक्यात, तेल बनवणाऱ्यानेच त्याची खरी कसोटी १०० अंशांवर ठरवलेली आहे. म्हणून चेंबरमधील तेल ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असणे हा धडधाकट इंजिनाचा स्वभाव मानतात. ते १२० अंशांवर गेले तर चिंता करावी. १३० अंशांच्या पुढे खनिज तेल लवकर खराब होऊ लागते, कारण ऑक्सिडेशनचा, म्हणजे तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते जाड, काळपट आणि आम्लधर्मी होण्याचा वेग, ढोबळ नियमाने, दर १० अंशांना दुप्पट होतो.

वरची मर्यादा सर्वांना पटते; खालची मर्यादा पटवावी लागते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिचा काही भाग पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून चेंबरमध्ये उतरतो, आणि थंड इंजिनात न जळलेले थोडे पेट्रोलही त्याबरोबर येते. तेल पुरेसे तापले की हे दोन्ही उडून जातात. तेल ७०-७५ अंशांवरच घुटमळत राहिले तर पाणी तेलात मिसळून पिवळसर, लोण्यासारखा चिकट थर तयार होतो, जो तेल ओतण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रथम दिसतो. आणि जळणातून आलेली आम्ले त्या पाण्यात विरघळून बेअरिंगांचा मऊ धातू कुरतडतात. अतिथंड तेलाने मेलेले इंजिन अतितप्त तेलाने मेलेल्या इंजिनासारखे रस्त्यात धूर काढून बंद पडत नाही. ते सावकाश, वर्षानुवर्षे झिजते, आणि म्हणूनच त्याचा दोष कूलरला कोणी देत नाही. एमजीबीच्या मूळ मांडणीत कूलरमधून जाणारे तेल अडवणारा थर्मोस्टॅट नव्हता, पंपाने ढकललेले सगळे तेल इंजिन सुरू झाल्याक्षणापासून कूलरमधून फिरत असे. त्यामुळे इंग्लंडच्या हिवाळ्यात अनेक जाणते मालक कूलरच्या तोंडावर पत्र्याचा किंवा रेक्झिनचा पडदा लावत आले आहेत.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो हौशी मंडळींना फारसा रुचत नाही: कूलर बसवण्याआधी तेलाचे तापमान मोजले पाहिजे. एमजीबीच्या डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा आणि तेलाच्या दाबाचा मापक असतो, तेलाच्या तापमानाचा नसतो. आणि नेमक्या याच उणिवेतून सर्वांत मोठा गैरसमज जन्माला येतो. कारखान्याच्या पुस्तिकेनुसार गाडी धावत असताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि इंजिन नुसते गुरगुरत असताना १० ते २५ पौंड असावा. उन्हाळ्यातील लांब प्रवासानंतर काटा ४० वर आलेला पाहून मालकाला वाटते की तेल फार तापले, आणि तो कूलर मागवतो. वास्तविक दाब म्हणजे तेलाच्या वाहण्याला होणाऱ्या अडथळ्याचे माप आहे. बेअरिंगमधील फट झिजून मोठी झाली, तेलाचा पंप म्हातारा झाला, किंवा दाब मर्यादित ठेवणाऱ्या झडपेची स्प्रिंग ढिली पडली, तरी काटा तसाच खाली येतो. अशा झिजलेल्या इंजिनाला कूलर लावला की तेल थंड आणि म्हणून दाट होते, काटा पुन्हा वर चढतो, आणि मालक समाधानाने बोनेट बंद करतो. दुखणे मात्र आत तसेच राहते. तापाच्या रुग्णाला बर्फ चोळून थर्मामीटरचा पारा उतरवण्याचाच हा प्रकार आहे. तेलाच्या तापमानाचा मापक बसवणे खर्चाचे काम नाही: त्याचा संवेदक, म्हणजे तापमान ओळखणारा टोकाचा भाग, चेंबरच्या ड्रेन प्लगच्या जागी किंवा नळीच्या जोडात बसवता येतो. मात्र तो कोठे बसवला हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण कूलरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचे तापमान चेंबरमधील तेलापेक्षा कमी असते, आणि बेअरिंगमधून निसटणारे तेल या दोहोंपेक्षा गरम असते.

मोजल्यावर तेल खरोखरच तापलेले आढळले तरीही थेट कूलरकडे वळू नये. ठिणगी उशिरा पडत असेल, कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रण गरजेपेक्षा कमी पेट्रोलाचे असेल, रेडिएटरच्या नळ्या गाळाने तुंबलेल्या असतील, किंवा चेंबरवर पंधरा वर्षांचा तेलकट धुळीचा थर चढून वाऱ्याची वाट बंद झाली असेल, तर तेल तापतेच. शेवटचा दोष घासणी आणि रॉकेलने दूर होतो.

कूलर किती काम करतो याचा अंदाज साध्या गणिताने येतो. एक किलो तेल एक अंशाने निववण्यासाठी साधारण २ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, पाण्यासाठी हीच संख्या ४.२ आहे, म्हणजे उष्णता वाहून नेण्यात तेल हे पाण्यापेक्षा निम्मे कार्यक्षम. मिनिटाला २० लिटर तेल कूलरमधून जात आहे आणि ते १० अंशांनी निवते आहे असे धरले, तर सुमारे साडेपाच किलोवॉट उष्णता, म्हणजे घरातल्या एकेक हजार वॉटच्या पाच-सहा शेगड्यांइतकी, हवेत सोडली जाते. ही उष्णता कोठे जाते? एमजीबीमध्ये कूलर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे तापलेला वारा थेट रेडिएटरवर येतो, आणि तेलाचे ओझे काही अंशी पाण्याच्या डोक्यावर चढते. पाण्याच्या बाजूला आधीच कुरबुर असलेल्या गाडीत तेलाचा कूलर बसवल्याने पाण्याचा काटा वर गेल्याची तक्रार ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे.

उष्ण प्रदेशाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कूलर किती उष्णता टाकू शकतो हे तेल आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. इंग्लंडच्या १५ अंशांच्या हवेत ११० अंशांच्या तेलाला ९५ अंशांचा फरक मिळतो, तर नागपूरच्या ४० अंशांच्या दुपारी तोच फरक ७० उरतो. म्हणजे तोच कूलर, त्याच वाऱ्यात, जवळजवळ पाव काम कमी करतो. जेथे गरज अधिक तेथे सामर्थ्य उणे, असा हा व्यस्त व्यवहार आहे. शिवाय कूलरला स्वतःचा पंखा नसतो. मुंबईच्या रांगांमध्ये अडकलेल्या गाडीत तो जवळजवळ निरुपयोगी असतो, बोरघाट दुसऱ्या गियरमध्ये चढणाऱ्या गाडीत भार जास्त आणि वारा कमी अशी स्थिती असल्याने त्याचा उपयोग अर्धवट होतो, आणि जुन्या गाड्यांच्या वार्षिक मिरवणुकांत त्याचे काम केवळ शोभेचे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात ताशी १०० किलोमीटरने जाताना ओव्हरड्राइव्ह नसलेल्या एमजीबीचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे घेत असते. मे महिन्यात हे तासभर चालले तर मात्र कूलरचा विचार रास्त ठरतो. ओव्हरड्राइव्ह चालू असेल तर त्याच वेगाला फेरे २,८०० च्या आसपास येतात. ओव्हरड्राइव्हची कळ दाबणे हा तेल थंड ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो सुचवणारे फार थोडे असतात.

याच्या अगदी उलट उदाहरण जुन्या पोर्शे ९११ चे आहे. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आलेल्या या गाडीच्या इंजिनाला पाणीच नाही. ते पंख्याच्या वाऱ्याने आणि तेलाने थंड होते, म्हणून तेथे तेल हे वंगण कमी आणि पाण्याचा बदली गडी अधिक. तेल चेंबरमध्ये न साठवता वेगळ्या टाकीत साठवण्याची पद्धत तिच्यात आहे, एमजीबीच्या दुपटीच्या आसपास तेल तिच्या पोटात मावते, आणि इंजिनावरचा कूलर अपुरा पडू लागल्यावर १९६९ च्या ९११ एस या अधिक शक्तीच्या मॉडेलला पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत दुसरा कूलर देण्यात आला. इंजिन मागे आणि कूलर पुढे असल्याने तेल गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर जाऊन परत येते, आणि म्हणून तेथे थर्मोस्टॅट अपरिहार्य होतो. एमजीबीच्या मालकाने ९११ च्या मालकाकडून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच: थंड तेलाला कूलरपासून दूर ठेवणारी झडप.

बसवण्याचे काम एमजीबीत सोपे आहे, आणि ते सोपे असण्याचे श्रेय इंजिनाच्या रचनेला जाते. अनेक गाड्यांत ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड चकती बसवून तिच्यातून तेल बाहेर काढावे लागते. बी-सिरीजमध्ये पंपाने दिलेले तेल इंजिनाच्या उजव्या बाजूने, मागच्या अंगाला, मुळातच बाहेर पडते आणि पोलादी नळीवाटे फिल्टरकडे जाते. ही नळी काढायची, तेलाच्या तोंडाला एक लांब होज पाईप जोडून तो कूलरला न्यायचा आणि कूलरचा दुसरा पाईप फिल्टरच्या डोक्याला आणायचा, एवढेच मूळ काम. थर्मोस्टॅट लावायचा तर तो या दोन पाईपांच्या मध्ये बसतो. त्याच्या आत मेणाची एक कुपी असते; साधारण ८० अंशांना मेण वितळून फुगते आणि कूलरची वाट उघडते. तेल थंड असतानाही चांगला थर्मोस्टॅट कूलरकडे थोडेसे तेल झिरपू देतो, जेणेकरून वाट उघडताच थंडगार तेलाचा लोट इंजिनात शिरणार नाही.

कूलरची जागा रेडिएटरसमोरच्या आडव्या पत्र्यावर, जाळीमागे आहे. मूळ कूलर १३ ओळींचा होता, म्हणजे तेलाच्या चपट्या वाटा एकावर एक अशा तेरा. त्याहून मोठा कूलर घेण्याचा मोह रस्त्यावरच्या गाडीसाठी आवरावा. त्याची तोंडे वरच्या बाजूला आली तर आतली हवा आपोआप निघून जाते; ती खालच्या बाजूला आली तर हवेचा फुगा वरच्या ओळींत अडकून राहतो आणि तेवढ्या ओळी फुकट जातात. कूलर रबराच्या वायसरांवर बसवावा, कारण त्याचा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा सततच्या थरथरीने तडकतो. पाईप जेथे पत्र्यातून आरपार जातात तेथे भोकांना रबरी कडी हवीच. वरून पोलादी तारांची वीण असलेले पाईप दिसायला देखणे असतात, पण ती वीण करवतीसारखी असते. पत्र्याला घासली तर पत्रा कापते, वायरीला घासली तर वायर. इंजिन रबरी पायांवर बसलेले असल्याने झटका बसताच ते डुलते, हे ध्यानात घेऊन पाईपाला थोडी सैल कमान ठेवावी.

या कामात जो बारकावा सर्वाधिक वेळा चुकतो तो पान्यांचा. कूलरच्या तोंडाचा नट आवळताना दुसरा पाना कूलरच्याच मानेवर धरला पाहिजे. एकाच पान्याने आवळले तर पीळ मानेतून सांगाड्यात उतरतो आणि डोळ्यांना न दिसणारी चीर पडते, जी आठवड्याभराने तेलाच्या ओघळाने आपले अस्तित्व जाहीर करते. या जोडांचे आटे इंचाच्या जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. मेट्रिक नट दोन फेऱ्या बसला, एवढ्यावरून तो जबरदस्तीने पुढे रेटू नये. नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेप येथे पूर्ण वर्ज्य आहे, कारण तिचा एखादा धागा सुटून तेलाबरोबर गेला तर तो बेअरिंगच्या छिद्रात जाऊन बसतो. तांब्याचे जुने वायसर पुन्हा वापरायचे असतील तर ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावेत. पोलादाच्या उलट तांबे या क्रियेने मऊ होते आणि पुन्हा नीट बसते.

जुन्या बाजारातून कूलर घेणाऱ्यांसाठी एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. ज्या इंजिनाचे बेअरिंग उडाले त्याच्या कूलरच्या अरुंद वाटांमध्ये धातूचा चुरा अडकून बसलेला असतो, आणि पेट्रोलने, वाऱ्याने, कशानेही तो पूर्णपणे निघत नाही. नव्या इंजिनाला लावताच तो सुटून बेअरिंगांकडे जातो. कूलरचा इतिहास ठाऊक नसेल तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तीच गोष्ट जुन्या रबरी पाईपांची. तेलाचा संपूर्ण प्रवाह या दोन पाईपांतून जात असल्याने त्यांपैकी एक फुटला तर चेंबर पाहता पाहता रिकामा होतो, आणि चालकाची नजर दाबाच्या काट्यावर नसेल तर बेअरिंगे हातची जातात. ज्या गाडीला कूलर नाही तिला हा धोकाही नाही. म्हणूनच महामार्गावर न जाणाऱ्या, ओव्हरड्राइव्ह असलेल्या आणि मापकावर ११० अंशांखाली राहणाऱ्या एमजीबीला नवा कूलर बसवू नये, असाच निर्णय द्यावा लागतो. आणि ज्या गाडीला तो मुळापासून आहे तिचा तो काढूनही टाकू नये, फक्त पाईप नवे घालावेत आणि थर्मोस्टॅट जोडावा.

काम पूर्ण झाल्यावर इंजिन लगेच सुरू करणे ही घाई महागात पडते. कूलर आणि पाईप रिकामे असतात, ते भरेपर्यंत बेअरिंगांना तेल मिळत नाही. म्हणून जोडण्याआधीच कूलरमध्ये आणि पाईपांत जमेल तितके तेल ओतून घ्यावे, मग चारही स्पार्क प्लग काढून इंजिनावरचा दाब मोकळा करावा आणि स्टार्टरने ते थोडथोड्या वेळाने, दाबाचा काटा हलेपर्यंत, फिरवावे. काटा हलला की प्लग लावून इंजिन चालू करावे, काही मिनिटे हळू चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवावा, आणि इंजिन बंद करून तेल खाली उतरेपर्यंत थांबावे. त्यानंतर डिपस्टिकवर पातळी खाली गेलेली दिसते, ती गळतीमुळे नव्हे: कूलर आणि त्याचे पाईप मिळून सुमारे ०.४ लिटर तेल स्वतःजवळ ठेवतात, आणि तेवढे तेल वर घालूनच गाडी रस्त्यावर न्यायची असते.